बिनश्रीचं पत्र

॥ श्री ॥
अकोला, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८४

चि. कमलाकांतास आक्काचे आशीर्वाद.

दिवाळी तुझ्यावाचून गेली. अनारसे केले होते, ते रविकांतानं खाल्ले. आपला चुलतभाऊ म्हणजे काय, फराळापुरता सख्खा. त्याच्याच तोंडून कळलं की अमरावतीच्या कचेरीतली वकिली सोडून तू कापसाच्या शेटजींचा वकील झालास. ही बातमी मला तुझ्याकडून यायला हवी होती.

आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. माझं लग्न झालं तेव्हा मी तुला कडेवर घेऊनच या घरात आले. सासरच्यांनी नाकं मुरडली, पण यांनी तुला आपला म्हटलं, शिकवलं, वकिलीच्या परीक्षेला बसवलं. जाताना एवढंच म्हणाले, "कमलाकांताला सांग, भांडणं लढवणारे पुष्कळ आहेत. मिटवणारा हो." म्हणून विचारते. या नव्या कामात तू काय करतोस, लढवतोस की मिटवतोस?

साता समुद्रांपलीकडे कुठल्या मुलखात लढाई जुंपली, कापसाचा भाव चढला, आणि इथे माझ्या शेजारच्या पार्बताबाईनं ज्वारीच्या वावरात कापूस पेरला. सगळं गाव तेच करतं आहे.

सरूला एकदा इकडे पाठव. तिला आई नाही. नणंदेच्या घरालाच माहेर म्हणावं तिनं.

आक्का


॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १७८४

ती. आक्काच्या पायांशी कमलाकांताचा नमस्कार.

रागावू नकोस. आधी तुलाच लिहिणार होतो, पण काम असं अंगावर आलं की जेवायची शुद्ध राहिली नाही. मुंबईचे गोरे खरेदीदार म्हणतात, वऱ्हाडी लोक कापसात पाणी मारतात, सरकी घालतात. आपले शेटजी म्हणतात, गोरे गाठोडं फोडायच्या आधीच नाव ठेवतात. दोघांच्या मधे मी. गाठोडं दोघांसमोर फोडायचं, जे निघेल ते दोघांनी मान्य करायचं, एवढी साधी गोष्ट ठरवायला तीन बैठका लागल्या. पण ठरली. भावोजींना कळव, मिटवतो आहे. ते ऐकत असतील तर.

कचेरीला मी कंटाळलो होतो, त्याला आणखीही एक कारण झालं. नागपूरच्या काकांची बातमी आली ते तुला ठाऊक आहे. लखोटा फोडला, कागदाच्या माथ्यावर श्री नाही. पुढलं वाचायची गरज उरली नाही. दहा दिवस सुतक, कचेरीत पाऊल नाही, आणि माझ्या अशिलाचा दावा माझ्याविना गेला. तेच पत्र दोन दिवस उशिरा आलं असतं तर बिचाऱ्याचं घर वाचलं असतं. आक्का, सोयर असो की सुतक असो, कानावर पडल्यावर लागतं, आधी नाही. तेव्हा मी एखाद्या कामात अडकलेलो असेन तर तू असली बातमी जरा सावकाश धाडत जा!

तुझ्या भावजयीला संक्रांतीनंतर पाठवतो.

कमलाकांत


॥ श्री ॥
अकोला, पौष शुद्ध दशमी, शके १७८५

चि. कमलाकांतास आशीर्वाद.

सरू सुखरूप पोचली. गेल्या साली नुसती पाहुणी म्हणून आली होती, यंदा जड पावलांनी आली. चिंचा मागते आणि रात्रीचं उरलेलं पिठलं मागते. पार्बताबाई म्हणते, पोरगा होईल. मी म्हणते, काही होऊ दे, सुखरूप होऊ दे.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, आता सांगते. सरूला वाचता येतं. गेल्या साली इथे होती तेव्हा, मी शिकले तशीच तिलाही शिकवली, पंचांगावरून. तिथी, वार, नक्षत्रं तोंडपाठ असतातच. मग कुठलं अक्षर कुठल्या नावात येतं ते बोटानं शोधत जायचं. मला अश्विनीपासून रेवतीपर्यंत पोचायला दोन वर्षं लागली. ती पोर चार महिन्यांत पोचली. तू तिला एक पत्र लिही. नवऱ्याचं पत्र आपलं आपण वाचावं असं तिच्या मनात फार आहे.

आता तुझ्या हैदराबादेचं. रविकांत सांगत होता, शेटजींनी आणि गावोगावच्या पाटलांनी मिळून तुला वऱ्हाडचा वकील म्हणून दरबारात पाठवायचं ठरवलं. कामाची गरज मला कोणी समजावून द्यायला नको. काल पार्बताबाई ओट्यावर बसून म्हणाली, "बाई, कापसानं हात भरला माह्या, पन ज्वारी कोठी हाय बजारात? पोराईले का रुई चारू?" सगळ्या वऱ्हाडानं कापूस पेरला, भाकरी कोणीच पेरली नाही. पैनगंगेपल्याड निजामाच्या मुलखात ज्वारीची पेवं भरलेली आहेत, आणि नाक्यावर गाड्या अडवतात. तू ते मिटवणार असशील तर जा.

माझं मागणं एकच. बाळंतपणाला घरी ये. तिला तू हवा आहेस. तोंडानं म्हणायची नाही.

आक्का


॥ श्री ॥
हैदराबाद, फाल्गुन शुद्ध द्वादशी, शके १७८५

ती. आक्कास नमस्कार.

इथे माणूस आधी बसायला शिकतो. सकाळी जाऊन दिवाणखान्यात बसायचं. पान येतं, अत्तर येतं, गोड बोलणं येतं, आणि "तशरीफ़ कल लाइए" म्हणून निरोप येतो. पहिल्या आठवड्यात मला राग यायचा. आता कळलं की हेही बोलणंच आहे. माणूस किती वेळ बसू शकतो यावरून त्याच्या मागे किती लोक उपाशी आहेत ते ही मंडळी ओळखतात. म्हणून मी घाई दाखवत नाही.

दरबार नाके सोडायला अर्धा तयार आहे. अडून बसलेत ते इथले धान्याचे सावकार. त्यांना भीती, वऱ्हाडी लोक धान्य नेतील आणि त्याच्या बदल्यात कबूल केलेला कापूस दुसऱ्याच्या पदरात टाकतील. कागदावर त्यांचा विश्वास नाही. ते म्हणतात, वऱ्हाडच्या वकिलानं सगळ्यांसमोर बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, मगच गाड्या सोडू. मी कबूल केलं. शपथेला मी भीत नाही, आपलं बोलणं खरंच आहे.

हे सगळं मृगाच्या आत झालं पाहिजे. पैनगंगा एकदा भरली की दिवाळीपर्यंत एक गाडी पार होणार नाही.

अक्षय्य तृतीयेला मी तुझ्या दारात उभा असेन. तिला सांग. तिला वाचता येतं, ती तुझी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या घरात एवढी गोष्ट घडली आणि मला पत्ता नाही.

कमलाकांत


॥ श्री ॥
अकोला, चैत्र शुद्ध त्रयोदशी, शके १७८६

चि. कमलाकांतास आशीर्वाद.

सरळच लिहिते. सरूचे पाय सुजले आहेत, तोंडावरही सूज आहे. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. वैद्यांनी मीठ बंद केलं. पार्बताबाईनं पुष्कळ बाळंतपणं केली आहेत. तिला मागच्या दारी गाठून विचारलं. ती म्हणाली, "मले हे बरं नाई दिसत, बाई. तुमच्या भावाले बलावून घ्या. कावून थांबून राहिले तुमी?"

सरू म्हणते, कळवू नका, ते कामात आहेत. रोज सकाळी पंचांग घेऊन बसते आणि तृतीयेवर बोट ठेवते. काल हसून म्हणाली, "आक्का, मला वाटतं मी वाचायला शिकले ती एवढ्यासाठीच. नाहीतर दिवस तुम्हाला विचारावा लागला असता आणि तुम्ही मला हसला असता."

ज्वारी कोणाच्याच घरी नाही. आम्ही दोघी भगर खातो. तुझं काम मोठं आहे हे मी कोणापेक्षाही जास्त जाणते. तरी लिहिते, ये.

आक्का


॥ श्री ॥
हैदराबाद, चैत्र वद्य दशमी, शके १७८६

ती. आक्कास नमस्कार.

पत्र वाचलं. काल घोडं सांगितलं होतं, आज परत पाठवलं.

शपथेचा मुहूर्त वैशाख वद्य पंचमीचा ठरला. ज्वारीच्या गाड्या भरून नदीच्या पल्याड उभ्या आहेत, नुसता हुकूम व्हायचा आहे. मी आता निघालो तर सावकार म्हणतील, शपथ जवळ आली आणि वऱ्हाडचा वकील पळाला. मग या साली काही व्हायचं नाही. पार्बताबाईच्या पोरांना काय सांगू? तुझ्या भावजयीला काय सांगू, तेही कळत नाही.

तिला म्हणावं, तृतीयेची चूक माझी. पंचमी झाली की त्याच पावली निघतो. वैद्य बदलायचा तर बदल. रविकांताला रात्री झोपायला तुमच्याकडे ठेव.

सोबत दुसरा लखोटा आहे, तो तिचा. वर नाव घालताना अडखळलो. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तिचं नाव मी कधी उच्चारलं नाही, लिहिणं तर दूरच. शेवटी लिहिलं. तो तूसुद्धा फोडू नकोस. तिचं तिला वाचू दे.

कमलाकांत


अकोला, वैशाख शुद्ध सप्तमी, शके १७८६

चि. कमलाकांतास आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोबतचा लखोटा पोचला. फोडला नाही, देवघरात ठेवला आहे.

सरूची काळजी करत बसू नकोस. आता तिच्या पायांना सूज नाही. डोकंही दुखत नाही. रविकांत इथेच आहे, जे करायचं ते सगळं त्यानं केलं.

ऊन फार आहे. विहिरीला पाणी कमी. गावात ज्वारीवाचून हाल आहेत. काल खुशालराव पाटील दारात येऊन विचारत होते, वकीलसाहेबांचं काय झालं. मी म्हटलं, पंचमीला होईल.

पंचमीचं काम नीट कर. ते झाल्यावर लिही.

आक्का


॥ श्री ॥
हैदराबाद, वैशाख वद्य द्वादशी, शके १७८६

ती. आक्कास नमस्कार.

काम झालं. पंचमीला सगळ्या सावकारांसमोर बेलभंडार उचलला. शब्द म्हणताना आवाज कापला नाही. दुपारी नाक्यांना हुकूम सुटला. कालच सांडणीस्वार सांगत आला की पहिल्या गाड्या पैनगंगेपार झाल्या. हे पत्र पोचायच्या आधीच कदाचित अकोल्याच्या बाजारात ज्वारी पोचेल.

दरबारात मला शाल दिली. पुढेही वऱ्हाडच्या वतीनं इथे कोणी कायम असावं असं बोलणं निघालं आहे. त्यासाठी काही दिवस थांबावं लागेल. इथेही ऊन फार आहे. आंबे उतरू लागलेत, पण आपल्याकडच्या रायवळाची चव नाही.

खुशालराव पाटलांना माझा रामराम सांग. पार्बताबाईला म्हणावं, आता पोरांना रुई चारू नकोस.

कमलाकांत


अकोला, ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १७८६

चि. कमलाकांतास.

सचैल स्नानाची तयारी करून मगच पुढे वाच.

सरू गेली. अक्षय्य तृतीयेला, दिवस कलताना. तुला मुलगी आहे. ती जगली, बरी आहे, पार्बताबाईची सून तिला पाजते. सोयर आणि सुतक तुला एकाच पत्रात देते आहे. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

तृतीयेच्या पहाटे झटके सुरू झाले. मधे दोन घटका शुद्धीवर होती. पंचांग मागितलं. मी म्हटलं, आता कशाला? तरी घेतलं आणि स्वतः वाचलं, "वैशाख शुद्ध तृतीया." मग म्हणाली, "आक्का, पंचांगात तर आज आहे." एवढंच. पार्बताबाई तोंड फिरवून म्हणाली, "पावन्याची वाट पाहून राह्यलं लेकरू." मुलगी झाली ती तिनं पाहिली की नाही ते मला सांगता यायचं नाही. डोळे उघडे होते.

अग्नी रविकांतानं दिला. तुझा लखोटा तिसऱ्या दिवशी आला.

रविकांत भांडला माझ्याशी. "आक्का, नवऱ्याला कळवायचं नाही? हे कुठल्या शास्त्रात बसतं?" मी म्हटलं, "शास्त्रात नाही बसत, पण त्याच्या कानावर गेलं तर तो बेलाला हात लावू शकणार नाही, आणि गाड्या नदीपल्याड राहतील." मुलगी झाली एवढं तरी कळवावं म्हटलं, तर सोयरानंही तेच. तू एकदा थट्टेत लिहिलं होतंस, असली बातमी सावकाश धाड. ती थट्टा मी जपून ठेवली होती की काय कोण जाणे. वेळेला तीच आठवली.

ज्वारी आली. बाजारात आरोळी उठली तेव्हा बाया भांडी घेऊन धावल्या. पार्बताबाईनं पहिली भाकरी आणून माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली. चव खरी होती.

आता मी विचारते. तू गेल्या पत्रात आंब्यांचं लिहिलंस, पाटलांचं लिहिलंस, शालीचं लिहिलंस. तिचं एका अक्षरानंही विचारलं नाहीस. का?

आक्का


हैदराबाद, आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १७८६

ती. आक्कास नमस्कार.

दहा दिवस पाळले. आता उत्तर देतो.

तुझं वैशाखातलं पत्र पंचमीच्या तीन दिवस आधी आलं. मी वकील आहे, आक्का. कागद हातात आला की आधी त्याचा माथा पाहतो. श्री नव्हता.

तू आयुष्यात कधी श्रीवाचून पत्र लिहिलं नाहीस. मी पाहिलं, आणि मनाला म्हटलं, घाईत राहून गेला असेल. खाली वाचलं, पायांना सूज नाही, डोकं दुखत नाही. मेलेल्याचंच असं लिहितात हे मला तेव्हाच कळलं. आणि कळलेलं मी कळू दिलं नाही. पत्र घडी करून ठेवलं, नोकराला पान लावायला सांगितलं, आणि सावकारांकडे जाऊन बसलो. कोणी सांगितलेलं नाही, म्हणजे ऐकलेलं नाही, असा युक्तिवाद मी स्वतःपुढे केला. कचेरीत असा युक्तिवाद कोणी केला असता तर मी हसलो असतो.

बेल हातात होता तेव्हा मला ठाऊक होतं की मी सुतकी आहे. करार खरा आहे, शपथ खोटी आहे. म्हणून तिचं विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.

दरबारात वऱ्हाडचा वकील म्हणून राहायचं मी पत्करलं. अकोल्याला येववत नाही. तिथे ज्याच्या त्याच्या घरात ती ज्वारी असेल, आणि जो तो मला हात जोडेल.

मुलीचं नाव तू ठेव.

कमलाकांत


॥ श्री ॥
अकोला, भाद्रपद शुद्ध दशमी, शके १७९१

चि. कमलाकांतास आक्काचे आशीर्वाद.

इतक्या वर्षांत तू वस्त्रं पाठवलीस, मेवा पाठवलास, मुलीला चांदीच्या वाक्या पाठवल्यास. मी पोच लिहीत गेले, तीही दोन ओळींची. आज सविस्तर लिहिते.

कापसाचे ते दिवस गेले. लढाई थांबली तसे भाव कोसळले. तुला ज्यांनी पाठवलं त्यांतले निम्मे शेटजी गाव सोडून गेले. तू मात्र मोठा होत गेलास. रविकांत सांगतो, दरबारात तुझी खुर्ची आहे, दोन राज्यांमधल्या नाक्यांची भांडणं तुझ्यापुढे येतात आणि मिटतात. यांनी ऐकलं असतं तर समाधान पावले असते. मीही पावले, असं लिहायला हरकत नाही. पार्बताबाईचं तसं नाही. ती म्हणते, "मोठा मानूस झाला तुमचा भाऊ. मंग मोठ्या मानसाले घरचा रस्ता दिसत नाई का?"

तू लिहिलं होतंस, शपथ खोटी आहे. त्या वेळी उत्तर दिलं नाही, कारण मलाही ते येत नव्हतं. अजूनही येत नाही. श्री मी जाणून गाळला की हातानं आपसूक गाळला, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. तू करार करावास असं मला वाटत होतं, आणि तू ते पत्र पाहून सगळं टाकून धावत यावंस असंही वाटत होतं. धावत आला असतास तरी ती भेटली नसती. पण मुलगी भेटली असती. शपथेचं देव पाहील. त्या पावसाळ्यात या गल्लीतलं एक मूल उपासानं गेलं नाही, हे मी पाहिलं. तुला कोणी हात जोडले तर जोडू दे, खाली पाहून पुढे ये. दुःख घेऊन माणसात वावरता येतं. मी वावरतेच आहे.

मुलीचं नाव अनुपमा. उंच होणार, तुझ्यासारखी. कपाळ सरूचं. आता अकोल्याला आगगाडी येते. शिटी झाली की ओट्यावर जाऊन बसते आणि उतरून येणाऱ्या पागोट्यांकडे बघते. मी सांगितलं, हैदराबादेहून गाडी येत नाही, बैलांनी यावं लागतं. तेव्हापासून बैलगाड्याही बघते.

तिला पंचांगावरून शिकवते आहे. या पत्राच्या माथ्यावरचा श्री तिनं काढला. वाकडा आहे. मी सरळ करून देणार होते, तिनं करू दिला नाही.

सरूच्या नावाचा लखोटा अजून देवघरात आहे, फोडलेला नाही. तो तिच्या आईचा, म्हणून आता तिचा. मी तिला सांगून ठेवलं आहे, सगळं आपलं आपण वाचता आलं की मगच फोडायचा. परवा तिनं तो खाली घेतला आणि वरचं नाव बोटानं वाचलं, "स. रो. जि. नी." मग माझ्याकडे बघून विचारलं, "आक्का, आत काय आहे?"

मला माहीत नाही. तूच लिहिलंस, तुलाच माहीत. पण तू माणूस कसा आहेस ते मला ठाऊक आहे, म्हणून वाटतं, आत येण्याचा एखादा दिवस लिहिला असशील.

तिनं तो वाचायच्या आधी ये.

आक्का